मामांची मिशी आणि पोट भरलेला कावळा

ओला कलप लावून बसलेल्या माणसाला हसवू नये, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम, आणि तो मी आजवर एकदाही पाळलेला नाही. ओठ हलला की काळा ओघळ दातांवर उतरतो. मग सरकारी पागेतला मोठा मर्दाना बारगीर माझ्या ओसरीवर शाई प्यायलेल्या बोक्यासारखा दिसू लागतो, आणि त्याला शिव्याही देता येत नाहीत, कारण तोंड उघडलं की आणखी ओघळतं.

तसा माझा खरा धंदा सोंगांचा. देवळातल्या उत्सवाच्या शेवटी लळित होतं, त्यात मी कधी सरदार होतो, कधी दात पडलेली म्हातारी. माझ्या पेटीत अंबाडीच्या दाढ्या आहेत, घोड्याच्या शेपटीच्या मिशा आहेत. केसांशी इतका संबंध आल्यावर कलप करायला शिकलो, त्यात नवल नाही. आवळकाठी लोखंडी कढईत भिजत घालायची, माक्याचा रस ओतायचा, चुलीवर आटवायचं. आधी मेंदी, मग नीळ, मग हा काढा, आणि वरून एरंडाचं पान बांधून तोंड मिटून बसायचं. दसरा जवळ आला की कसब्यातले निम्मे बारगीर माझ्या ओसरीवर पानं बांधून ओळीनं बसत. वाटेनं जाणाऱ्या बायका तोंडाला पदर लावत.

दसऱ्याला गारपिराच्या माळावर हजेरी असे. बारगिराचा घोडा त्याचा नसतो, सरकारचा असतो. माणूस म्हातारा दिसला की त्याला उतरवतात आणि घोडा तरण्याला देतात. हजेरी घेणारा कारकून आंधळा नव्हता. माझा कलप त्यानं लांबूनही ओळखला असता. पण केस काळे दिसले की त्याला काणाडोळा करायला निमित्त मिळे, आणि ते निमित्त मी कढईत शिजवत असे.

माझ्या गिऱ्हाइकांत सगळ्यांत हौशी होते माझे सासरे; दसऱ्याला महिना असतानाच मिशी काळी करून घेत. त्यांना मी मामा म्हणे. गलमिशा अशा, की मामा वळण घेत त्याआधी मिशी वळे. त्यांच्याकडे सरकारातली एक काळी घोडी होती. भाकरी खाऊन मामा मुद्दाम मिशी पुसत नसत. घोडी येऊन ओठांनी मिशीतला चुरा टिपून घेई. सासूबाई गेल्यापासून त्यांच्या तोंडाच्या एवढ्या जवळ कुणी आलेलं नव्हतं. तिच्या शेपटीचे गळलेले केस ते मला आणून देत, आणि माझी सरदाराची मिशी त्याच केसांची होती. दरसाल कलप धुतल्यावर आरशात पाहून मामा एकच विचारत, "जावईबापू, औंदा निभल का?" निभत असे.

त्या साली भाद्रपदात, गौरी गेल्यावर, त्यांचे वडील बिबवेवाडीला वारले. म्हातारा इतका जुना झाला होता, की गावानं त्याच्या मरणाची वाट पाहणंही सोडून दिलं होतं. थोरला मुलगा म्हणून अग्नी मामांनी दिला. त्यांच्या घरी क्षौर दहाव्याला. बाप गेला की डोकं, कल्ले, मिशी सगळं उतरवायचं. आणि दसरा पुढं उभा. उतरवलेली मिशी तोवर फार तर खुंटाएवढी येणार, तीही पांढरी. खुंटाला कलप धरत नाही. कातडी तेवढी काळी होते.

मामा दहाव्याला ओढ्याकाठी न्हाव्यासमोर बसले आणि म्हणाले, डोकं कर, कल्ले कर, मिशी राहू दे, ती सरकारची हाय. न्हाव्यानं वस्तरा हवेतच धरला. भाऊबंद एकमेकांकडे पाहू लागले. धाकट्या भावानं मात्र खाली मान घालून आपली मिशी पुढं केली. मामांचं गुळगुळीत डोकं आणि खाली ती भरघोस काळी मिशी, असं ध्यान मी माझ्या पेटीतल्या सगळ्या सामानानिशीही उभं करू शकलो नसतो. हसू आलं. पण भोवती कुणी हसत नव्हतं, म्हणून खोकलो.

पिंड ठेवला. सगळे मागं सरकून बसले.

कावळा आला नाही.

म्हणजे कावळे होते. समोरच्या करंजावर चांगले सात-आठ होते. पण खाली उतरेनात. पंधरवडा चालू होता. सगळं पुणं, सगळी आसपासची गावं, घरोघर पितरांची पानं छपरावर ठेवत होती. खीर, वडे, भाजी. कावळे कोतवालाच्या मेव्हण्यासारखे फुगले होते. एक जण तर फांदीवर चोच पुसत होता. पण हे माझ्या डोक्यात. भाऊबंदांच्या डोक्यात निराळंच चाललं होतं. म्हाताऱ्याची इच्छा काय राहिली, त्याची चाचपणी सुरू झाली. धाकट्यानं हात जोडून सांगितलं, बैल विकणार नाही. कावळा हलला नाही. चुलत्यानं सांगितलं, बांधाचं भांडण मिटवतो. हलला नाही. ऊन चढलं. मग हळूहळू, कुणी काही न बोलता, सगळ्यांचे डोळे एका जागी येऊन थांबले. मामांच्या नाकाखाली.

मी सरकत त्यांच्यापाशी गेलो आणि कानात सांगितलं, "मामा, सगळ्या पुण्याचे पितर जेवतायत. कावळ्याच्या पोटात जागा न्हाई. त्याचा तुमच्या मिशीशी काही संबंध न्हाई."

मामा करंजाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "कावळ्याला भूक नसंल. माझ्या बापाला हाय."

ते उठले आणि न्हाव्यापुढं जाऊन बसले. न्हाव्यानं डोळे मिटल्यासारखे करून दोन फटक्यांत काम संपवलं. मिशी मातीत पडली. माझ्या हातून उतरलेला कलपाचा तो सगळ्यांत चांगला रंग होता. मिशीखालची कातडी बाकीच्या तोंडाहून निराळी निघाली, मऊ, फिकट, लहान मुलासारखी. मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की मामांचा वरचा ओठ थोडा थरथरतो. कदाचित आयुष्यभर थरथरत असेल. दिसत नव्हता इतकंच.

सगळे पुन्हा मागं सरकून बसले.

कावळा तरीही आला नाही.

सावल्या लांबल्या तसा भटजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला शिववला आणि काम उरकलं. उठताना करंजावरचे कावळे उडून गावाकडं गेले, कुणाच्या तरी छपरावर.  

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी पेटी उघडली आणि सरदाराची मिशी मामांपुढं ठेवली. डिंकानं अशी बसवतो, की ओढली तरी निघायची नाही, असं सांगितलं. पटका थोडा खाली घ्या, घाम येऊ देऊ नका. मामांनी ती तळहातावर घेऊन केसांवरून उलटं बोट फिरवलं.

"घोडी तिथंच हुबी असंल," ते म्हणाले. "तिच्यापुढं तिचीच शेपटी तोंडाला लावून जाऊ?"

मी मिशी परत पेटीत ठेवली. लळितात असतो, तर याला उत्तर सुचलं असतं.

गारपिराच्या माळावर मी गर्दीत उभा होतो. मामा घोडीचा लगाम धरून कारकुनासमोर आले. नाकाखाली आणि गालावर पांढरं, जोंधळ्याचं पीठ सांडल्यासारखं. कारकुनाला काणाडोळा करायला आता जागाच नव्हती.

"अहो, आपलं वय काय?"

"माझा बाप गेला, सरकार. दसपिंडाला उतरावी लागली."

"वडिलांचं नाही विचारलं आम्ही."

मागं कुणीतरी हसलं. कारकुनानं मान वर न करता सांगितलं, की आपण आता विसावा घ्यावा, चाकरी खूप झाली. लगाम एका पोराकडं गेला. पोराला मिसरूडही धड फुटलेलं नव्हतं. जाताना घोडीनं सवयीनं मामांच्या तोंडाशी नाक नेलं, ओठ हलवले. तिथं चुरा नव्हता, काहीच नव्हतं. तिनं फुरफुर केलं आणि पोरामागून गेली.

फौज मुलुखगिरीवर निघून गेली. हिवाळ्यात मामांची मिशी पुन्हा आली, भरघोस, आणि दुधासारखी पांढरी. मी कढईचं नाव काढलं नाही, त्यांनीही नाही. पावसाच्या तोंडावर पागा परतली तेव्हा मामा रस्त्याच्या कडेला सकाळपासून जाऊन उभे राहिले. मिशीत भाकरीचा चुरा तसाच ठेवला होता. घोडे एकामागून एक गेले. तो पोरगा दिसला, एका तांबड्या घोड्यावर. काळी घोडी कुठंच नव्हती. तो खाली बघून पुढं गेला, तेवढ्यात काय ते कळलं.

संध्याकाळी माझ्याकडं आले. ओसरीवर टेकले आणि म्हणाले, "ती मिशी हाय का अजून पेटीत?"

काढून दिली. लावली नाही त्यांनी. पटक्याच्या आतल्या घडीत ठेवली, पटका पुन्हा नीट बांधला आणि निघून गेले.

त्या सालच्या लळितात सरदाराचं सोंग मी काजळानं ओढलेल्या मिशीवर निभावलं. घाम आला, मिशी हनुवटीपर्यंत उतरली, आणि लोक पोट धरून हसले. मामा पुढच्याच रांगेत होते. तेही हसले. हसता हसता त्यांचा हात दोनदा पटक्याकडं गेला आणि खाली आला.