साखरपुड्यातली जबानी

माझ्या मामांइतका संतापी माणूस जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत दुसरा झाला नाही, आणि त्यांच्या संतापाला कारण मात्र आयुष्यभर एकच होतं: खोटं. पोलिसांत त्यांची सगळी नोकरी डीबी पथकात, म्हणजे ठाण्याच्या हद्दीतल्या चोऱ्यामाऱ्यांचा छडा लावणाऱ्या माणसांत गेली. ही माणसं वर्दी घालत नाहीत. त्यामुळे नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मामा निवृत्त झाले तेव्हा त्यांच्यात काही बदल झाल्याचं कुणाला दिसलंच नाही. फक्त इतके दिवस ठाण्यात राहणारा संशय घरी राहायला आला. मामी म्हणायची, "आरोपी बदलले, दुसरं काय?"

बाजारात मेथीवाल्या बाईने "आत्ताच उपटली, भाऊ" म्हटलं की मामा जुडी उलटी करून मुळं बघत आणि तिथेच तापत. "शिळी हाय याचा राग न्हाई गं मला. माझ्या डोळ्यात बघून सांगितलंस, याचा हाय!" एवढं बोलून दोन जुड्या विकत घेत, कारण भाजी वाईट आहे असं त्यांचं म्हणणं नसायचंच. लग्नात पत्रिकेवरचा मुहूर्त टळला की मांडवात उभे राहून वरपित्याला विचारत, "हे छापून खोटं बोलणं झालं, ठाऊक हाय का तुमाला?" एका म्हैस विकणाऱ्याने ओझरच्या विघ्नहराची शपथ घेतली, तेव्हा तर मामांनी त्याचा हात धरून त्याला ओझरला जाणाऱ्या जीपमध्ये बसवलं. "चल, देवापुढं बोल. मला काय सांगतो?" तो अर्ध्या वाटेत म्हशीचं खरं वय सांगून उतरला. नुसतं "कसं काय, बरंय का?" विचारलं तरी धोका असे. कुणी लंगडत "बरंय" म्हणाला की मामांचा पारा चढलाच.

पण या रागाची गावाला किंमत होती. भावकीतला बांध असो की नवराबायकोचं भांडण, "फौजदार काय म्हणत्यात?" इथे येऊन बोलणं थांबायचं. मामा म्हणाले तर तसंच असणार. त्यांनी दुसरं काही कमावलं नव्हतं.

दोन हजार पाच-सहाच्या सुमारास एका टीव्ही चॅनेलवाल्यांनी येडगावच्या धरणाकाठचा एक बंगला भाड्याने घेतला आणि तिथे लबाडीचा खेळ मांडला. बंगल्यात आणलेल्या माणसांपैकी एकाला गुपचूप 'कोल्हा' करायचं. रोज सगळ्यांनी मिळून ज्याच्यावर संशय असेल त्याला घरी पाठवायचं. कोल्हा शेवटपर्यंत सापडला नाही तर जिंकला. कोल्हा कोण हे बघणाऱ्यांना पहिल्यापासून माहीत, आतल्यांना नाही. पेठेतल्या कापडवाल्या शेठजींनी, मामांच्या मित्राने, कौतुकाने मामांचं नाव देऊन टाकलं. या शेठजींचे आजोबा मारवाडातून आले, पण स्वतः शेठजी मामांशी मामांच्याच भाषेत बोलत. "फौजदार, कोल्हा पकडायचा हाय. तुमच्याबिगर कोन पकडणार?"

पकडायचा म्हणून मामा गेले, आणि त्या लोकांनी मामांनाच कोल्हा केलं.

मामा भडकले. सामान उचलून निघाले. तेवढ्यात कार्यक्रम करणारा एक पोरगेला साहेब हसून म्हणाला, "जाऊ द्या काका, तुम्हाला जमणारही नाही ते."

त्याने एवढंच वाक्य बोलायला नको होतं. आजही तो माणूस मला भेटावा असं फार वाटतं.

मामांना जमलं. भयंकर जमलं. खोटं कसं बोलतात हे त्यांच्याइतकं कुणी बघितलं होतं? ते वेगळं काही करतच नव्हते. नेहमीसारखे संतापत होते. "माझ्या डोळ्यात बघून सांग, तूच हायस ना?" असं ओरडून त्यांनी एकेकाला बंगल्याबाहेर काढलं. घोडेगावच्या एका नर्सबाईचा त्यांच्यावर लेकीसारखा जीव जडला होता. तिच्या डोक्यावर हात ठेवून मामा म्हणाले, "पोरी, मी हाय तवर तुला कोन हात लावत न्हाई," आणि त्याच संध्याकाळी तिच्याविरुद्ध मत दिलं. ते मी शेठजींच्या दुकानातल्या टीव्हीवर, गर्दीत उभा राहून पाहिलं. लोक टाळ्या वाजवत होते. शेठजींनी मात्र हातातलं कापड खाली ठेवलं.

मामा जिंकले. सत्कार झाला, मोटारसायकल मिळाली. आणि मग जे सुरू झालं त्याने माझं आजही डोकं उठतं. मामा चहाच्या टपरीवर "आज ऊन लई हाय" म्हणाले की कुणीतरी ओरडायचा, "फौजदार सांगत्यात म्हंजी पाऊस पडनार!" बांधाच्या भांडणात मामांनी तोंड उघडलं तर तरणी पोरं म्हणत, "राव, यांचं काय खरं?" ज्यांची लफडी मामांनी निस्तरली, ज्यांचे संसार सांधून दिले, ते लोकही यात होते. मामीनेही एकदा चेष्टेत विचारलं, "परवा भीमाशंकरला नारळ वाढवला म्हणालात, तो खरंच वाढवला का हो?" मामा दोन दिवस जेवले नाहीत. "अरे, तो खेळ व्हता!" असं ते माझ्यावर ओरडले. जणू मी नाही म्हणत होतो.

अशातच एका सकाळी बबन आला. द्राक्षबागांतल्या विहिरींवरच्या मोटारी चोरल्याबद्दल मामांनी त्याला फार पूर्वी पकडलं होतं. मामांच्याच साक्षीवर त्याला सजा झाली, ती भोगून तो मजुरी करत होता. तो ओटीवर उकिडवा बसला.

"फौजदार, मोटारी मीच काढल्या व्हत्या. तुमाला ठावं, मला ठावं."

"मग?"

"पन आता लोक म्हनत्यात, फौजदारानं टीव्हीवर बघा कसं केलं, तसंच बबनलाबी अडकवलं असंल. माझ्या लेकीला चोराची पोरगी म्हनून कोन करत नव्हतं. आता आंबेगावकडचं एक स्थळ आलंय. साखरपुडा हाय." त्याने हात जोडले. "तुमी तेवढं गप ऱ्हावा."

मामांचा चेहरा जांभळा झाला. "भडव्या, माझी अब्रू विकून लेक उजवतोस? चालता हो!"

तो गेला. मामा दिवसभर अंगणात फेऱ्या मारत त्याला, मला, चॅनेलवाल्यांना शिव्या देत राहिले. साखरपुड्याच्या दिवशी मात्र इस्त्रीचा सदरा घालून माझ्यापुढे उभे राहिले. "चल. सोड मला तिथं." खरं सांगितल्याशिवाय हे परतायचे नाहीत अशी माझी खात्री होती, आणि खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. एकदा सगळ्यांच्या तोंडावर फेकू देत.

मांडवात आम्हाला बघून बबन पांढराफटक पडला. पानसुपारी फिरत होती. मुलाच्या चुलत्याने मामांना ओळखलं आणि मोठ्याने विचारलं, "फौजदार, आलाच हाय तर चार मानसांत खरं काय ते सांगा. आमच्या ह्या व्याह्याला तुमी खोटंच गुतवलं व्हतं ना?"

नवरी मुलगी पाटावर हिरव्या साडीत बसलेली. तिने मान वर करून मामांकडे पाहिलं. मामांनीही तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"व्हय," मामा म्हणाले. "चोर दुसराच व्हता. मला गावला न्हाई, म्हनून मी खोटी साक्ष दिली. ह्या मानसानं काय केलं न्हाई."

कुणीतरी "छ्या!" म्हणालं. एक म्हातारा मामांच्या बाजूची सतरंजी सोडून पलीकडे जाऊन बसला. बबन खाली बघून रडत होता. लोकांना वाटलं, इतक्या वर्षांनी निर्दोष ठरला म्हणून. पोरगी उठून मामांच्या पाया पडली. मामांनी आशीर्वाद दिला, पण जेवायला थांबले नाहीत. थांबा असं त्यांना कुणी म्हणालंही नाही.

वाटेत मी बडबडत होतो. त्या म्हाताऱ्याला, चुलत्याला, बबनला, सगळ्यांना शिव्या घालत होतो. मला वाटलं, मागून मामाही सुरू करतील. डिंभ्याच्या कालव्याशी ते एवढंच म्हणाले, "हळू चालव. पोरगी चांगली हाय रे."

त्यानंतर मामा फारसे संतापले नाहीत. बाजारात कुणी काही सांगितलं की "असंल बाबा" म्हणत आणि पिशवी पुढे करत. मामी मला हळूच म्हणायची, "अरे, काहीतरी खोटं सांग ना त्यांना. जरा ओरडू देत."

आता मामा नाहीत. त्या भागात कुणी अजूनही सांगतं, एक फौजदार होता, गरिबाला खोटं अडकवून वर टीव्हीवर मिरवलेला. ऐकलं की माझं रक्त तापतं. पण त्या पोरीची मुलं आता तिथल्याच शाळेत जातात. म्हणून बबनचं खरं नाव मी इथे लिहिलेलं नाही, गावाचंही नाही, आणि मामांचंही नाही. त्यांचं लिहायची फार इच्छा होती.