हात बघून निवडलेल्या कोंबड्या

शिंपीकाकांचे हात थरथरायला लागले, ही बातमी दुपारपर्यंत अख्ख्या गल्लीला तोंडपाठ झाली होती. कोंबड्या विकणाऱ्याच्या आवारात रंगारीबुवांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं म्हणे: काका पाटावर बसलेले, तळहातावर दाणे, आणि हात नुसता लटलटतोय! संध्याकाळी दोन गिऱ्हाइकांनी न शिवलेलं कापड परत नेलंसुद्धा. आमच्या गल्लीत डॉक्टर एकही नाही, पण निदान घरोघरी होतं.

खरं म्हणजे काकांचा हात आजही सुईत दोरा एका दमात ओवतो. थरथरायचा तो काकूंचा. कप धरवेना, तशा त्या स्वयंपाकघरातून उठल्या. मग परसात बसणंही बंद झालं. त्यांचा जीव रमावा म्हणून काकांनी कोंबड्या आणल्या, आणि इथेच त्यांच्यातला शिंपी नडला. कापड निवडावं तशा त्यांनी त्या निवडल्या: रंग पक्का, पिसांना चकाकी, कुठे सैल म्हणून नाही. निघाली लढाऊ जात! काकूंनी दाणे पुढे केले, हात हलला, आणि एकीने बोटाला अशी चोच मारली की काकूंनी आत जाऊन कडीच लावली.

"मला आता कोणाला काही खायला घालायचं नाही," आतून एवढंच आलं.

कोंबड्या परत गेल्या, पण काका हट्टाला पेटले. विक्रेत्याकडे ठाण मांडून, मुद्दाम हात थरथरवत त्यांनी एकेक जात पारखायला घेतली. ढीगभर अंडी देणाऱ्या पांढऱ्या, हडकुळ्या कोंबड्या हात हलताच कुंपणापर्यंत उडाल्या.

"काका, अंडी बघून घ्या की! हात कसला दाखवताय, ती काय ज्योतिषी आहे?" विक्रेता वैतागला.

"तू गप रे. पैसे माझे, पसंती तिची."

शेवटी कोचीन जातीची एक गबदुल बाई डुलत डुलत आली. पायांवरसुद्धा पिसं, जशी मोजे घालूनच जन्मलेली. दाणे तिच्या पाठीवर सांडले. तिने मान वाकडी करून हात थांबायची वाट पाहिली, आणि थांबत नाही म्हटल्यावर हलत्या तळव्यातूनच हळूच टिपायला लागली. काकांनी तसल्या तीन उचलल्या.

घरी काकू दारातच उभ्या. बातमी त्यांच्याही कानावर गेली होती.

"अहो, तिथे माझी नक्कल करत होतात म्हणे?"

काकांनी कोंबड्या खाली सोडल्या.

"करायची तर नीट करा. माझा अंगठा आधी हलतो."

असं म्हणून त्या स्वतःच स्टुलावर बसल्या आणि मूठ उघडली. निम्मे दाणे जमिनीवर गेले. गबदुल बाईने आधी ते वेचले, मग काकूंच्या पावलावर पाय देऊन तळव्यातले. काकूंनी हात मागे घेतला नाही. काका खिडकीआड मशीनवर बसले होते. पाय मात्र चालत नव्हता.

आता सकाळी काकू परसात असतात. परवा रंगारीबुवा पँटचं माप द्यायला आले आणि खिडकीतून डोकावून म्हणाले, "काका, खातात मणभर आणि अंडी मात्र आठवण झाली तर! नुकसानीतला सौदा हो!"

काकांनी टेप त्यांच्या पोटाभोवती आवळली. म्हणाले, "अंडी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. आणि तू पोट आत ओढू नकोस, नंतर बटण तुटलं की शिंप्याच्या नावाने बोंब मारत येशील."