ओळख कुणी द्यायची

"हृदय ठणठणीत आहे," उल्हासनगरचे डॉक्टर म्हणाले आणि मला रडूच कोसळलं. ठणठणीत आहे, तर मग दोन महिने फळ्यावर लिहिता लिहिता छाती आवळत होती, हात बधिर होत होते, ते काय होतं?

ईसीजी, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख, नॉर्मल. थायरॉइडची रक्ततपासणीही नॉर्मल. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, पॅनिक डिसऑर्डर. समोर काही नसताना शरीर जिवावर बेतल्यासारखं वागतं. झटका थोड्या वेळात ओसरतो, पण आता आपण मरणार असं दर वेळी खरंच वाटतं.

नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. मी अंबरनाथ पूर्वेला शाळेत शिकवत होते. बाईंचं डोकं फिरलंय, असं एका पालकाच्या कानावर गेलं असतं तरी माझा वर्ग गेला असता. म्हणून तर घराजवळचे दवाखाने सोडून मी उल्हासनगर गाठलं होतं. माझ्या नवऱ्याशिवाय कुणाला पत्ता नव्हता.

त्याच दवाखान्यात दर मंगळवारी कर्णिकबाई बसत. त्या समुपदेशक. त्यांनी मला झटका आला तर पळायचं नाही, श्वास मोजायचा, हे शिकवलं. चार मंगळवार मी त्यांच्यापुढे रडले. आईलाही न सांगितलेलं त्यांना सांगितलं. पाचव्या आठवड्यात मला वर्गात एकदाही झटका आला नाही.

मग संक्रांत आली. शेजारच्या सावंतवहिनींच्या हळदीकुंकवाला गेले, तर तिथे कर्णिकबाई बसलेल्या. त्या अंबरनाथलाच राहतात हे मला ठाऊकच नव्हतं.

"अहो, ह्या बघा कर्णिकबाई. मेंटलच्या डॉक्टर आहेत उल्हासनगरला," वहिनींनी हौसेने सांगितलं.

कर्णिकबाईंनी मला नमस्कार केला, अगदी अनोळखी बाईला करावा तसा, आणि त्या पलीकडच्या बाईशी बोलायला लागल्या.

माझं गुपित राहिलं होतं. खरं तर जीव भांड्यात पडायला हवा होता. पण मी चिडले. मनात आलं, हिलाही माझी लाज वाटते. पुढचे तीन मंगळवार मी गेले नाही. माझा अहंकार असा मोठा शहाणा.

चौथ्या आठवड्यात गणिताच्या तासाला खडू हातातून गळला. मी खुर्चीत बसून राहिले, शिपाईकाकांनी पाणी आणलं. मुख्याध्यापिका दारात येऊन बघून गेल्या. घरी आल्यावर नवरा एवढंच म्हणाला, "भांडायचं तर तिथे जाऊन भांड."

गेले आणि भांडले.

कर्णिकबाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "बाहेर भेटलो तर ओळख पेशंटने द्यायची, आम्ही नाही. तुम्ही माझ्याकडे येता हे सांगायचा हक्क तुमचा आहे. पण हे मी पहिल्याच दिवशी तुम्हाला सांगायला हवं होतं. शिकताना हेच आमच्याकडून घोटून घेतलं होतं, तरी राहिलं. चूक माझी आहे."

आयुष्यात इतके डॉक्टर पाहिले, पण चूक माझी म्हणणारं माणूस मला तोवर भेटलं नव्हतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, मी बरी होईन. वर्षभर लागलं. वर्ग माझ्याकडेच राहिला.

पुढच्या संक्रांतीला पुन्हा सावंतवहिनींचं घर, पुन्हा कर्णिकबाई. त्यांनी नुसता नमस्कार केला आणि थांबल्या. माझी छाती धडधडत होती. मी श्वास मोजला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आमची ओळख आहे. माझ्यावर ह्यांनीच उपचार केले."

वहिनी घाईघाईने तिळगूळ वाटायला लागल्या. कर्णिकबाईंचे डोळे भरून आले होते, माझेही.

निघाले तर जिन्यात मागून एकीने हळूच गाठलं. "मॅडम, ते उल्हासनगरचं टायमिंग काय असतं हो?" मी वार सांगितला, वेळ सांगितली. का, कुणासाठी, हे विचारलं नाही.

तुमच्यापैकी कुणी असं जिन्यात अडखळत उभं असेल, तर खुशाल विचारा. विचारलेलं तिथेच राहतं.

ती कोण होती, हे मी आजवर नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. पुढच्या मंगळवारी मी कर्णिकबाईंना भेटायला निघाले होते, तेव्हा ती मला दवाखान्याच्या रस्त्यावर दिसली. मी भाजीच्या गाडीशी थांबून मेथी निवडत राहिले, तिने हाक मारेपर्यंत.