येळवसची रात्र आणि खिरीचा डबा

मी लातूरला अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. भूत, चकवा असलं कुणी काढलं की माझं डोकंच फिरतं. तेव्हा हसायचं तर हसा, पण पूर्ण वाचून हसा.

निलंग्याच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीजवळ सासऱ्यांचं शेत आहे. येळवसला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावास्येला, सगळा गोतावळा शेतात जेवतो — भज्जी, उंडे, आंबील, गव्हाची खीर. अंधार पडला की सगळे घरी. मी मात्र थांबलो... मृगातल्या तेजोमेघाचा फोटो काढायचा होता. तिथं नवे तारे जन्मतात, आणि असला मिट्ट काळोख लातुरात कुठला मिळायला?

"जावईबापू, आज रातचं थांबू नगा. चकवा लागतो, माणूस तिथल्या तिथंच फिरतंय," सासरे म्हणाले.

"मामा, तारे बघून दिशा सांगणारा माणूस आहे मी!"

बायको, सुनीता, बांधाजवळ गाडीत झोपली. मी इन्सुलिन घेतलं. म्हटलं, कॅमेरा लावून लगेच जेवू. उरलेल्या खिरीचा डबा गाडीतच होता. पण फोकस जमता जमेना. शेवटी जमला, कॅमेरा चालू केला, आणि दरदरून घाम फुटला. शुगर उतरली होती. आत्ता पोटात काही गेलं नाही तर खेळ खलास, हे कळत होतं.

ताऱ्यांच्या उजेडात गाडी समोरच दिसत होती. हरभऱ्यातून चाललो, चाललो... आणि पुन्हा ट्रायपॉडपाशी! ध्रुवतारा पाठीशी धरून नाकासमोर गेलो — पुन्हा ट्रायपॉड. त्याची मोटर आपली निवांत घूं-घूं करत ताऱ्यांमागं कॅमेरा फिरवत होती. ओरडायला गेलो तर आवाज फुटेना. आईशप्पथ सांगतो, रडलो मी. एवढं मोकळं रान, वर एवढं आभाळ, आणि मला कुणीतरी कोंडून घातलेलं! शेवटी तिथंच बसलो.

जाग आली तेव्हा उजाडलं होतं. तोंडात गुळाची चव, उशाला रिकामा डबा. उठून गाडीकडं निघालो, तर सरळ पोचलो.

"डबा कुणी आणून दिला मला?"

"कुणी म्हंजे? तुम्हीच की न्हेला!" सुनीता वैतागली. "काच वाजवली, डबा घेतला, एक शब्द न बोलता निघालात. मी हाका मारत राहिले, तर वळून बी बघितलं न्हाई. अन् ती घोंगडी कुणाची पांघरली होती?"

आमच्याकडं घोंगडी नव्हतीच. मामांच्या घरीही नाही.

डॉक्टर म्हणतात, शुगर उतरली की आपण काय केलं ते आठवत नाही. असेल बुवा. मग घोंगडी कुठून आली? जो कोण होता, त्याच्यामुळं मी जिवंत आहे, एवढंच.

फोटो झकास आलेत. सुनीताला ते बघवत नाहीत. आताशा मला घरी यायला उशीर झाला की ती आतून आधी "बोला की" म्हणते, आणि माझा आवाज ऐकल्यावरच कडी काढते.