थोरला जावई ढगात

सुरुवातीलाच आमचे साडू उत्तमराव यांचे आभार मानतो. ते नसते तर बावड्याच्या सासुरवाडीत मला पुन्हा तोंड दाखवता आलं नसतं. (ते मुळातच नसते तर तोंड लपवायची वेळही आली नसती, पण ते पुढं येईल.)

माझं गाव परभणीकडं. आठवीत मी शाळेला आणि शाळेनं मला एकदमच रामराम केला आणि पोटामागं फिरत बारामतीला आलो. एस.टी. स्टँडजवळ एका माडीवर लग्नाच्या कॅसेटींचं मिक्सिंग व्हायचं, तिथं चिकटलो. मालक देवमाणूस. त्यांनी हाताला धरून कॉम्प्युटर शिकवला. पुढं लग्न झालं बावड्याच्या सुमनशी. आई-वडील लांब, भावकी लांब; इकडं माझं म्हणावं असं एकच घर, सासऱ्यांचं. त्या घरात मी थोरला जावई. उभ्या जन्मात मला मिळालेलं हे एकच पद! ते जाईल या धास्तीनं मी सासुरवाडीत चहासुद्धा आवाज न करता प्यायचो.

मग धाकट्या मेहुणीचं लग्न झालं आणि इंदापूरचे उत्तमराव घरात आले. साखर कारखान्यात फिटर, अंगानं उंच, वर नवी कोरी मोटारसायकल. मी एस.टी.नं धूळ खात पोचायचो, ते फटफटत थेट ओसरीपर्यंत! मटणाच्या जेवणात नळी त्यांच्या ताटात, माझ्या ताटात बटाटा! आमच्या मेहुण्याच्या, म्हणजे बाळूच्या लग्नात तर त्यांच्या फेट्याचा तुरा माझ्या तुऱ्याहून वीतभर उंच!

सुमन म्हणाली, "आवं, त्येंची उंचीच तेवढी हाय. तुरा काय करंल?"

मी तुरा डोळ्यांनीच मोजून ठेवला. कारण बाळूच्या लग्नाची कॅसेट मिक्सिंगला आमच्याच माडीवर येणार होती!

कॅसेट द्यायला सासरे स्वतः आले. त्यांना आम्ही तात्या म्हणतो.

"पाव्हणं, नवरा-नवरीच्या आदी घरची माणसं दाखवा. पयलं आमचं आबा." (आबा म्हणजे तात्यांचे वडील, देवाघरी गेलेले.) "मग दोनी जावई. पर दोगं बी सारखं. कमी-जास्त नगं."

"छे छे, तात्या! कमी-जास्त कशाला?" असं मी म्हणालो आणि ते जिना उतरायच्या आत कमी-जास्त करायला बसलो.

आता ही कला थोडक्यात सांगतो. कॉम्प्युटरमध्ये चित्रं एकावर एक काचा ठेवाव्यात तशी असतात. सगळ्यात खाली आभाळ, त्यावर एकेक माणूस, त्यावर अक्षरं आणि सगळ्यात वर फुलांचा पाऊस. यातल्या एकेका काचेला लेयर म्हणायचं. इफेक्ट ज्या लेयरवर टाकाल, त्याच्यावरच चढतो; शेजारच्याला त्याचा वाराही लागत नाही.

आबांसाठी मी फार मनापासून इफेक्ट केला. रंग हळूहळू उडतो, माणूस राखाडी होतो, पुसट होत होत वर सरकतो आणि ढगात विरून जातो. मालकांचेसुद्धा डोळे पाणावले! दुसरा इफेक्ट स्वतःसाठी. डोक्यामागं सोनेरी किरणं गरगरतात, चेहरा उजळतो, कपाळाशी चमक मारते. थोडक्यात, कॅलेंडरवरचा देव!

आणि उत्तमरावांना? त्यांना आबांचाच इफेक्ट, पण चिमूटभर. (मारायचं नव्हतं हो त्यांना! नुसता रंग जरा उतरवायचा होता.) आधी सगळा उचलून टाकू आणि मग हवा तेवढा ठेवू, असा बेत.

मालक नेहमी बजावायचे, "भानुदास, प्रत्येक लेयरला नाव देत जा बाबा." मला वाटायचं, हे काय बारसं आहे? मी आपला आकड्यांवर चालायचो. वरून मोजलं की तिसरे उत्तमराव, चौथा मी, त्याखाली आबा. इफेक्ट टाकणार, तेवढ्यात लक्षात आलं: उत्तमराव माझ्या वर! इथंही माझ्या डोक्यावर! माझ्या हातात माऊस असताना!

मी तत्काळ स्वतःला धरलं, ओढलं आणि त्यांच्या वर नेऊन बसवलं. मग समाधानानं तिसऱ्यावर ढग टाकले आणि चौथ्यावर किरणं. आकडे माणसाला नाही, जागेला चिकटलेले असतात, हे त्या आनंदात सुचलंच नाही!

तो कॉम्प्युटर असा संथ, की काम पुरतं तयार होईपर्यंत पडद्यावर नुसत्या रिकाम्या चौकटी हलायच्या. उत्तमरावांचे ढग कमी करून चिमूटभर ठेवायचे, तेही राहून गेलं. कारण कॅसेट तयार होऊन हातात पडते न पडते, तोच खाली हॉर्न वाजला.

"साडूभाऊ! चला, तात्यांनी न्यायला धाडलंय!"

मोटारसायकलवर मागं बसलो. पिंपळी गाव मागं पडलं तशी मनात म्हटलं, चालवून घे बाबा, आज तू गाडीवर पुढं आहेस, पण टीव्हीवर मी आहे!

बावड्यात टीव्ही अंगणात मांडला होता. अर्धी आळी लोटली होती. सासूबाईंनी मला पुढं बसवून चहा दिला. कॅसेट सुरू झाली. आबा राखाडी होत ढगात गेले, तशी सगळ्यांनी हात जोडले. तात्यांनी टॉवेलानं डोळे पुसले. मी ताठ बसलो. आता मी!

पडद्यावर सोनेरी किरणं गरगरली. चेहरा उजळला. कपाळाशी चमक मारली. आणि त्या तेजातून प्रकट झाले... उत्तमराव!

"आरं, द्येवच दिसतुया की!" पोरांनी शिट्ट्या मारल्या.

माझा चहा बशीतच राहिला. पाठोपाठ माझा फोटो आला. बरा होता बिचारा. मग त्याचा रंग उडाला. तो राखाडी झाला. पुसट होत वर निघाला. मी अंगणात बसून माझ्याकडंच बघत होतो आणि मी ढगात चाललो होतो!

शेजारच्या कोंडाकाकू ओरडल्या, "आगं बया! थोरलं पाव्हणं कवा गेलं?"

"काकू, हितं हाय मी!" घाबरून माझ्या तोंडून बावड्याचीच भाषा निघाली.

मागून एका म्हाताऱ्याबाबांनी तात्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "वाईट झालं रं. गरीब व्हता जावई. कवा आवाज करून च्या न्हाय प्याला."

सुमननं हंबरडा फोडला. सासूबाई मीठ-मोहऱ्या आणायला आत पळाल्या. तात्या मात्र उठून माझ्यासमोर उभे राहिले.

"पाव्हणं, लग्नाच्या कॅसेटीत ह्यो अभद्र परकार कुणी केला?"

आता काय सांगू? मी केला म्हणावं, तर कुठला शहाणा स्वतःला ढगात धाडतो? चूक झाली म्हणावं, तर विचारतील, मग हे ढग कुणासाठी होते? त्याचं उत्तर माझ्या तोंडून निघालं असतं, तर बावड्याची वाट मला कायमची बंद. परभणी लांब, हेही घर गेलं, तर दिवाळीला मी जाणार कुणाकडं?

तेवढ्यात उत्तमराव उठले. एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा टीव्हीकडं.

"तात्या, त्यास्नी बोलू नगा. म्याच सांगितलं व्हतं."

"तुमी?"

"व्हय. म्हणलं, थोरलं जावई म्हंजी आबांच्या मानाचं माणूस. जे आबांला, तेच तुमी घ्या. तर साडूभाऊंनी काय करावं? सोन्याचा उजेड मला दिला, आन सोता आबांच्या पंगतीला जाऊन बसलं!"

तात्यांनी एकदा पडद्याकडं बघितलं. मग त्यांचा चेहरा निवळला.

"आबांच्या पंगतीला! आरं, ह्ये आमच्या डोस्क्यातच आलं न्हाय!"

सासूबाईंनी तरीही माझ्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. ओवाळता ओवाळता म्हणाल्या, "लई मोठं मन पाव्हण्यांचं." मग उत्तमरावांकडं वळून म्हणाल्या, "आन तुमचं बी." त्यांच्या 'तुमचं बी'मध्ये जरा जास्तच माया होती. मला ती तेवढ्या धांदलीतही मोजता आली!

त्या दिवशी जेवताना नळी माझ्या ताटात पडली. मी बटाटा मागून घेतला.

सुमन लग्नापासून माहेरीच होती, ती आणखी चार दिवस राहिली. उत्तमरावांनी मला इंदापूरच्या स्टँडवर सोडलं. गाडी बंद केली आणि हळूच विचारलं, "साडूभाऊ, खरं सांगा. त्ये ढग माज्यासाठी व्हतं न्हवं?"

मी चपलेकडं बघितलं. "पूर्ण नाही. चिमूटभरच."

"पर माजं चुकलं काय?"

"तुमची मोटारसायकल," मी म्हणालो. "आणि तो तुरा."

ते एवढे हसले, एवढे हसले, की फलाटावरची माणसं वळून बघायला लागली. मग खिशातून किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. "न्या बारामतीला. आयतवारी आणा." आता मला मोटारसायकल चालवता येत नाही, हे सांगायचीसुद्धा माझ्यावर वेळ आणली त्या माणसानं!

उत्तमराव, तुमचे उपकार मी एक दिवस नक्की फेडीन. तुमच्या घरच्या पहिल्या कार्याची कॅसेट माझ्याकडं. तुमच्या लेयरला तुमचं पुरं नाव देईन, सगळ्यात वर बसवीन आणि होती तेवढी सगळी सोनेरी किरणं तुमच्यामागं लावीन. फक्त माझा फोटो तुमच्या शेजारी असेल आणि तुरा जरा लांबवलेला असेल, तेवढं चालवून घ्या.