रिकाम्या रस्त्याची टिकटिक

माझा जुना भागीदार आता समोरच दुकान थाटून बसलाय आणि माझ्या काळ्या ग्रॅनाइटमधून किरणं निघतात असं विरारभर सांगत फिरतो. ते ऐकून युरेनियमच्या खाणीत टाकाऊ दगडातली किरणं मोजण्यात आयुष्य घालवलेले एक काका तेच मोजायचं यंत्र घेऊन आले. लादीजवळ धरताच ते टिकटिकलं. दोन गिऱ्हाइकं मागे सरली.

“काका, घ्यायचं तर घ्या, माल बदनाम करू नका!” मी ओरडलो.

ते रस्त्यावर गेले, यंत्र नुसतं हवेत धरून घड्याळाकडे बघत उभे राहिले. तिथेही तेवढीच टिकटिक. लादीचा आणि रस्त्याचा, दोन्ही आकडे वहीत लिहीत म्हणाले, “एवढी टिकटिक सगळीकडेच असते, लादीची नाही. आधी रिकामी जागा मोजायची, शेठ. घाईत मीच चुकलो. खाणीतल्या टाकाऊ दगडालाही आम्ही एवढा न्याय द्यायचो.”

मला वीस वर्षं सोबत धंदा केलेल्या भागीदाराने तेवढाही न्याय दिला नव्हता. वहीचं ते पान मी मागून घेतलं आणि त्याच्या दुकानाकडे तोंड करून काचेवर चिकटवलं.