जन्मदाखल्यावर नुसतं 'मुलगी'

मेडिकलची 'नीट' परीक्षा दुसऱ्यांदा दिली आणि पात्र ठरले, पण सरकारी कॉलेज मिळेल एवढे मार्क नव्हते. केदारखेड्याच्या पुढं आमचं गाव. दुपारपर्यंत बातमी सगळीकडं पोचली आणि संध्याकाळी ज्याला त्याला माझ्यासाठी काहीतरी सुचायला लागलं. बी.एस्सी. कर. नर्सिंग कर, तेही दवाखान्यातलंच हाय की. मी म्हणाले, मला डॉक्टरच व्हायचंय. इथं नाही तर बाहेरच्या देशात जाऊन होईन.

आमच्या घराण्यात दादांपर्यंत सगळे मेंढरांमागं हिंडलेले. दादा म्हणजे माझे वडील. आता ते शेती करतात, दहा-बारा मेंढ्या सवय म्हणून ठेवल्यात. ते एवढंच म्हणाले, "आपले लोक चारायला कुठं कुठं गेल्ते. तू शिकायला जाशील. त्यात काय!" पैशांची सोय त्यांनी आणि बँकेनं कशी केली, ते मी सांगणार नाही. तेव्हा रोज विचारायला येणाऱ्यांनाही सांगितलं नाही.

मामांचं वडीगोद्रीला हायवेवर पाइप-मोटारीच्या सामानाचं दुकान आहे. त्यांच्या ओळखीचा एक एजंट जालन्यात परदेशी ॲडमिशनची कामं करायचा. मामा मला त्याच्याकडं घेऊन गेले. काचेचं दार, भिंतीवर सात-आठ देशांचे झेंडे. त्यानं सगळं मामांनाच विचारलं.

"मुलीला गॅप किती?"

मामांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "एक वर्ष." त्यानं लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न पुन्हा मामांनाच. मग माझ्या दहावी-बारावीच्या मूळ मार्कशीट उचलल्या आणि टेबलाच्या खणात टाकल्या.

"ओरिजिनल आमच्याजवळच राहतात. ॲडमिशन झालं की मिळतील."

"कोणत्या कॉलेजात?" मी विचारलं.

"ते आम्ही बघतो, बेटा."

"तिथं इंटर्नशिप असती का? त्या देशात प्रॅक्टिसचं लायसन मिळतं का? न्हाई तर इथं येऊन डॉक्टरकीच्या परवान्याच्या परीक्षेलाच बसू देत न्हाईत."

तो हसला. मामांना म्हणाला, "पोरगी लई हुशार हाय. पण हे खेड्यातल्या पोरींचं काम न्हाई. एक स्पेलिंग चुकलं की सगळं गेलं."

मी उठले आणि हात पुढं केला. "माझे कागद द्या."

"बस ना जराशी," मामा हळूच म्हणाले.

"न्हाई मामा."

त्यानं खण उघडेपर्यंत माझा हात तसाच होता. कागद मिळाले. बसस्टँडवर बस लागल्यावर मामा म्हणाले, "चारचौघांत इज्जत घालवली माझी. आता तूच भर फॉर्म. मंग बघू."

भरला. महिनाभर फोनवर विद्यापीठांच्या वेबसाइटी वाचल्या. इंग्रजी अडलं की शब्द शोधायचा, फिजिक्सच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर लिहायचा. पाच ठिकाणी ईमेल केले. तिघांनी उत्तरच दिलं नाही. एकानं नाकारलं, तेही दोन ओळींत. तो ईमेल मी पुसला नाही, अजून आहे. पाचवं विद्यापीठ जॉर्जियातलं. त्यांनी कागद मागवले. पासपोर्ट दहावीच्या सनदेवर आधीच निघाला होता, पण त्यांना जन्मदाखलाही हवा होता, आणि तिथं घोडं अडलं.

माझा जन्म घरातच झाला. ग्रामपंचायतीत नोंद झाली, पण नावाच्या रकान्यात कुणीतरी 'मुलगी' एवढंच लिहून ठेवलं होतं. पुढं कुणाला त्याची गरज पडली नाही.

ग्रामसेवकांनी रजिस्टर पाहिलं आणि मिटलं. "मुदत गेली, ताई. इतक्या वर्षांनी नाव घालता येत न्हाई. अन् लग्नात बदलणारच की नाव. तेव्हा एकदाच काय ते करून टाका."

मी तीनदा गेले. तिसऱ्या दिवशी घरी येऊन जे तोंडाला आलं ते बोलले. आई भाकरी थापत होती. माझी आई गावातली आशाताई. कोण गरोदर आहे, कुणाचं बाळ कोणत्या वारी झालं, कोणाला डोस राहिला, सगळं तिच्या रजिस्टरात असतं. कमी बोलणारी बाई. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "बारसं झालं की नाव घाला म्हणून गावातल्या दर पोरीच्या मागं लागती मी. अन् माझ्याच पोरीचं राह्यलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्याबरोबर आली. ग्रामसेवकांसमोर तिनं एक कागद ठेवला.

"मुदत वाढवलीय. तालुक्याच्या मीटिंगला आम्हाला हे पत्र दिल्तं. तुम्हालाबी आलंच असंल."

त्यांनी ते वाचलं. "बराबर हाय. पण आज लई काम हाय. पुढच्या आठवड्यात—"

"मंग मी बसती हितं."

ती बाकड्यावर बसली, पिशवीतून स्वतःचं रजिस्टर काढलं आणि लसीकरणाची यादी उतरवायला लागली. मी शेजारी. लोक कामाला आले, काम झाल्यावर जाईनात, काय होतंय ते बघत दारातच उभे राहिले. एकानं विचारलं, "ताई, काय करून राह्यल्या?" आई मान वर न करता म्हणाली, "पोरीचं नाव लिव्हायचं राह्यलंय."

दुपारी अर्ज घेतला गेला. आठ दिवसांनी दाखला मिळाला. ग्रामसेवक माणूस वाईट नव्हता. त्याला ते महत्त्वाचं वाटलं नव्हतं, इतकंच. मला तेच जास्त लागलं होतं.

कागद पाठवल्यावर विद्यापीठानं मुलाखत ठेवली, व्हिडिओ कॉलवर. गावात रेंज धड नाही, म्हणून राजूरच्या ऑनलाइन सेंटरमध्ये जागा ठरवली. त्या दिवशी चतुर्थी आहे हे माझ्या डोक्यातच नव्हतं. गणपतीच्या दर्शनाला ही गर्दी. लाउडस्पीकर, नारळवाले, गाड्यांचे हॉर्न. सेंटर चालवणाऱ्या बाईंनी माझं तोंड पाहिलं, गिऱ्हाइकांना तासाभरानं या म्हणून सांगितलं आणि शटर आतून ओढून घेतलं. दादा बाहेर पायरीवर बसले. दार वाजवायला येणाऱ्याला ते "आत परीक्षा चालू हाय" असं सांगत होते.

पडद्यावर एक पांढऱ्या केसांच्या बाई आणि एक तरुण प्राध्यापक. माझं पाठ केलेलं इंग्रजी दुसऱ्या मिनिटाला संपलं. बाईंनी विचारलं, "तुमच्या देशात तुम्हाला का घेतलं नाही?"

"मार्क कमी पडले," मी म्हणाले. कारणं बरीच तयार ठेवली होती, पण त्या वेळी एकही सांगावंसं वाटलं नाही.

"आणि हा जन्मदाखला? नाव अठरा वर्षांनी नोंदवलेलं दिसतं. ही तुम्हीच कशावरून?"

मला राग आला. राग आला की माझं इंग्रजी सुटं होतं, हे मला तेव्हा कळलं. मोडक्यातोडक्या वाक्यांत सगळं सांगितलं. नाव लिहिणं कुणाला गरजेचं वाटलं नव्हतं. माझी आई गावातल्या बाळांची नोंद करते. तिनं अर्धा दिवस कचेरीत बसून माझं लिहून घेतलं. मी तिच्याबरोबर घरोघर फिरले आहे, बाळांची वजनं केली आहेत, ताप मोजला आहे. वजन कमी भरलं तर पुढं काय करायचं ते आम्हा दोघींना सांगता येत नाही, मोठ्या दवाखान्यात पाठवावं लागतं. मला ते शिकायचंय. तुम्ही घेतलं नाही तर दुसरीकडं अर्ज करीन.

तरुण प्राध्यापक हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी बाळाचं वजन कसं करतात ते विचारलं. मी झोळीचा काटा हातांनी दाखवला. पंधरा मिनिटांची मुलाखत अर्धा तास चालली.

अकराव्या दिवशी प्रवेशाचं पत्र आलं. आईनं ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाली, "स्पेलिंग बघ आधी." बरोबर होतं.

आता मी तिसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षी शरीररचनेत एकदा नापास झाले, पुन्हा बसले, पास झाले. मागच्या सुट्टीत मामांच्या दुकानात बसले होते. पाइप घ्यायला आलेले एक काका मला न्याहाळत म्हणाले, "बाहेर शिकलेले हिकडच्या परीक्षेत पास होत न्हाईत म्हणतात."

"पुष्कळ होत न्हाईत, काका. अवघड असती. मी बसणार हाय."

"अन् न्हाई झालीस तं?"

"परत बसंन."

काकांनी धोतर वर करून गुडघा पुढं केला. "हे बघ बरं, चालताना कटकट वाजतंय."

मी पाहिला, दाबला, कुठं दुखतं ते विचारलं. मग म्हणाले, "मी अजून डॉक्टर झाले न्हाई, काका. जालन्याला हाडाच्या डॉक्टरला दाखवा, जल्दी दाखवा." मामांनी पाइप मोजता मोजता त्यांना दवाखान्याचा पत्ता सांगितला.